इंग्लंडमधील सेमी-डिटॅच्ड घरे: एक घर की दोन?

कौलारू (हॅरो, लंडन)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही लंडनच्या वायव्येला, हॅरो भागात, १९३४ साली बांधलेले सेमी-डिटॅच्ड घर घेतले. खरे सांगायचे तर मधली भिंत सामाईक असलेल्या जोडीतले डावीकडचे अर्धे घर घेतले. त्या वेळी छप्पर दोन्ही अंगांना सारखे उतरत होते आणि रस्त्यावरून पाहिले की दोन्ही घरे मिळून एकच ऐसपैस बंगला असल्याचा भास होई. गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी माळ्यावर खोली काढली. त्यासाठी त्यांच्या बाजूचे उतरते पाखे उतरवून तेथे त्रिकोणी भिंत थेट आढ्यापर्यंत चढवली. आता आमची ही जोडी एकाच खांद्यावर पोते घेतलेल्या हमालासारखी दिसते.

शेजाऱ्यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी नोटीस रीतसर दिली होती आणि दिवाळीला ते आमच्याकडे फराळालाही आले होते. माझे प्रश्न दोन आहेत. अशी जोडीने घरे बांधण्याची कल्पना मुळात कोठून आली आणि ती या देशात इतकी का फोफावली, हा पहिला. आम्हीही तसेच पाखे काढून तोल पुन्हा साधावा, की आमच्या अर्ध्याचे जुने रूप जपावे, हा दुसरा. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

पाटीवरची पेन्सिल

विषय उत्तम आहे. तूर्त रुमाल टाकून जागा धरून ठेवते.

विटकर (रेडिंग)

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे आणि या घरांच्या भिंती ठोकून पाहण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या जोड्या खेड्यांत दिसतात. जमीनदाराला आपल्या मजुरांसाठी घरे बांधायची असत आणि दोन घरांत एक भिंत व एक धुराडे सामाईक ठेवले की विटांचा आणि गवंडीकामाचा खर्च वाचे. डॉर्सेटमधील मिल्टन ॲबस हे गाव याचे सर्वांत देखणे उदाहरण आहे. लॉर्ड मिल्टन यांना आपल्या प्रासादासमोरचे जुने गाव नजरेआड हवे होते, म्हणून त्यांनी ते पाडले आणि सुमारे १७८० च्या सुमारास दरीत नवे गाव वसवले. त्यात वास्तुरचनाकार विल्यम चेंबर्स आणि बागा रचणारे केपेबिलिटी ब्राउन यांचा हात होता. पांढऱ्या भिंतींची, गवताने शाकारलेली ३६ जवळपास एकसारखी घरे तेथे रांगेने उभी आहेत. प्रत्येक घर मुळात दोन कुटुंबांसाठी होते. आज पर्यटक त्यांची छायाचित्रे काढतात, पण तो एका धनिकाच्या लहरीपायी विस्थापित झालेला गाव आहे.

शहरात ही कल्पना आली ती मात्र गरिबांसाठी नव्हे. लंडनमध्ये श्रीमंतही तेव्हा रांगेतल्या, म्हणजे टेरेस घरांत राहत. सेंट जॉन्स वुडमधील आयर इस्टेटच्या १७९४ च्या आराखड्यात घरे प्रथमच जोडीजोडीने, प्रत्येकाला स्वतःची बाग देऊन मांडलेली दिसतात. त्याच दशकात मायकेल सर्ल्स या वास्तुरचनाकाराने ब्लॅकहीथला पॅरागॉन ही अर्धचंद्राकृती इमारत सुरू केली. तीत सात जोड्या असून त्या खांबांच्या कमी उंचीच्या ओवऱ्यांनी एकमेकींना जोडल्या आहेत. दुरून पाहणाऱ्याला तो एखाद्या सरदाराचा वाडा वाटावा, हाच हेतू होता.

कौलारू यांच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा माणूस म्हणजे जॉन क्लॉडियस लाउडन. हा बागकामावर लिहिणारा स्कॉटिश गृहस्थ. त्याने १८२३ ते १८२५ या काळात बेजवॉटरमधील पोर्चेस्टर टेरेस येथे स्वतःसाठी घरांची एक जोडी बांधली आणि दर्शनी भागाच्या मधोमध काचेचा घुमट बसवला. सामाईक भिंत नेमकी जेथे आहे तेथेच लक्ष वेधून घेणारा घुमट ठेवल्यामुळे पाहणाऱ्याला भिंतीची शंकाही येत नाही. दोन मध्यम घरांनी मिळून एका मोठ्या घराचे सोंग घ्यायचे, हे या घरांचे मूळ तत्त्व त्या घुमटात दिसते. तुमच्या शेजाऱ्यांनी बिघडवले ते दोनशे वर्षांचे जुने सोंग आहे.

अर्धमात्रा

विटकर काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. भाषेचा एक प्रश्न मनात येतो. 'सेमी-डिटॅच्ड' याला मराठीत काय म्हणावे? 'अर्धविलग' हा शब्द शासकीय परिपत्रकातून पळून आल्यासारखा वाटतो. 'जुळे घर' म्हटले की कोणाला तरी बारशाचे आमंत्रण द्यावेसे वाटते. मला 'जोडघर' बरा वाटतो. जोडाक्षरात दोन व्यंजने एकत्र येतात आणि त्यातले एक अर्धे होते, तसेच येथे दोन्ही घरे अर्धी होतात.

साताऱ्याचा कंदी

अर्धमात्रांनी हा प्रतिसाद देणे क्रमप्राप्तच होते, नावाला जागले.

आपल्याकडे मधली भिंत असलेली घरे भरपूर आहेत, पण ती वाटणीनंतर तयार होतात. आमच्या आजोबांच्या वाड्यात माजघराच्या मधोमध भिंत घातली, तेव्हा देवघर एकीकडे आणि देवघराचे दार दुसरीकडे गेले. इंग्रज मात्र परक्या माणसाबरोबर आधी भिंत घालतो आणि मग ओळख करून घेतो. आमच्याकडे ओळख आधीपासूनची होती, म्हणूनच भिंत घालावी लागली.

मुक्ता_बर्मिंगहॅम

कंदी, हसून पुरेवाट झाली.

विटकर यांनी १८२५ पर्यंत आणून सोडले आहे, पण सामान्य माणसाच्या वाट्याला हे घर कसे आले याचा धागा मधल्या शतकात आहे. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या शहरांत मजुरांच्या वाट्याला पाठीला पाठ लावलेली घरे आली. त्यांना तीन बाजूंनी शेजारी असत आणि हवा एकाच बाजूने येई. १९०९ च्या कायद्याने अशी नवी घरे बांधायला बंदी घातली. त्याआधीच काही कारखानदारांनी वेगळा मार्ग चोखाळला होता. मी राहते त्या भागाजवळच जॉर्ज कॅडबरी यांनी १८९५ पासून बोर्नव्हिल वसवले. विल्यम अलेक्झांडर हार्वी या अगदी तरुण वास्तुरचनाकाराने तेथे प्रामुख्याने जोडीची घरे रचली. घराने भूखंडाचा चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक भाग व्यापू नये आणि उरलेल्या जागेत बाग असावी, असा तेथे दंडक होता. सकाळी फिरायला गेले की आजही जाणवते, की एकाच माणसाने रचलेली असूनही शेजारच्या दोन जोड्या सहसा सारख्या नाहीत.

पुढे पहिले महायुद्ध संपता संपता, १९१८ मध्ये, ट्यूडर वॉल्टर्स समितीचा अहवाल आला. शहरात एकरी बारा आणि खेड्यात एकरी आठ याहून अधिक घरे नसावीत, अशी शिफारस त्यात होती. तिच्यामागे नगररचनाकार रेमंड अन्विन यांचे विचार होते. दाटीवाटीने घरे बांधली तरी रस्त्यांवरच इतका खर्च होतो की फारसे काही वाचत नाही, असे ते १९१२ पासूनच मांडत होते. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने नगरपालिकांना घरे बांधण्यासाठी सरकारी अनुदान दिले. एकरी बारा घरांचे गणित मांडून बसले की जोडघर किंवा चार-सहा घरांची लहान रांग हेच उत्तर निघते. प्रत्येक घराला एक बाजू मोकळी मिळते, त्या बाजूने कोळसा आत येतो, कचरा बाहेर जातो आणि सायकल परसात नेता येते. हे फोफावण्याचे माझ्या मते खरे कारण ही चार फुटांची बोळ आहे.

विटकर

मुक्ताताईंचा बोळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे. गवंडी म्हणून विचार केला तरी तेच दिसते.

आता कौलारू यांच्या हॅरोकडे वळतो. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरे बांधली गेली. त्यांपैकी सुमारे ११ लाख नगरपालिकांनी बांधली आणि बाकीची बहुतेक खासगी बांधकामदारांनी. वायव्य लंडनमध्ये याला रेल्वेने हातभार लावला. मेट्रोपॉलिटन रेल्वेकडे रुळांलगतची अतिरिक्त जमीन राखून ठेवण्याची मुभा होती, जी इतर रेल्वे कंपन्यांना सहसा नसे. तिने १९१९ मध्ये त्या जमिनीवर घरे वसवण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. 'मेट्रोलँड' हे नाव जाहिरातीसाठी १९१५ मध्येच काढले होते आणि त्या नावाची पुस्तिका १९३२ पर्यंत दरवर्षी निघत असे. तीत शेते, कुरणे आणि झाडाखालचे बाक असत. ती वाचून आलेल्या माणसांसाठी त्याच शेतांवर घरे बांधली गेली, ही त्यातली मौज.

१९३२ पासून बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर २ टक्क्यांवर होता, वीट-लाकूड स्वस्त होते आणि लंडनच्या कडेला साधे जोडघर ४०० ते ६०० पौंडांत मिळत असे. शिक्षक, कारकून आणि कुशल कामगार प्रथमच घरमालक झाले. तुमचे १९३४ चे घर त्याच लाटेतले आहे.

रोखठोक

सर्वांचा गोडवा पुरे झाला, म्हणून थोडे कडू लिहितो. १९३० च्या दशकातील ही घरे म्हणजे फसवणुकीचे प्रदर्शन आहे. दर्शनी भागावरचे काळे लाकूड पाहून ट्यूडर काळातील, म्हणजे सोळाव्या शतकातला लाकडी सांगाडा वाटतो, पण ती विटांवर ठोकलेली पातळ फळी आहे. खिडकीतल्या शिशाच्या पट्ट्यांना संरचनेत काहीही काम नाही. रंगीत काचेत उगवता सूर्य आहे आणि दार मात्र उत्तरेला आहे. व्यंगचित्रकार ऑस्बर्ट लँकेस्टर यांनी या शैलीला 'बायपास व्हेरिगेटेड' असे नाव देऊन तिची यथेच्छ टर उडवली होती. अशा घराचे 'जुने रूप' जपायचे म्हणजे मेणाला हस्तिदंत समजून पुसत बसणे आहे.

खालचे बांधकामही अनेकदा तितकेच पोकळ असे. एल्सी बॉर्डर्स यांचा खटला आठवावा. वेस्ट विकहॅमच्या कोनी हॉल वसाहतीत या बाईंनी कर्ज काढून नवे घर घेतले आणि थोड्याच काळात त्यात ओल व दोष दिसू लागले. बांधकामदार बिल्डिंग सोसायटीकडे, म्हणजे घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, जादा तारण ठेवून खरेदीदाराची सुरुवातीची रक्कम कमी करून देत असत, आणि त्यामुळे सोसायटीला घराच्या दर्जाची काळजी करण्याचे कारण उरत नसे. बाईंनी १९३७ मध्ये हप्ते थांबवले, स्वतःचा खटला स्वतः चालवला आणि इतर रहिवाशांनाही हप्ते रोखायला उद्युक्त केले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९४१ मध्ये तेथे त्या हरल्या. परंतु तोवर १९३९ चा बिल्डिंग सोसायटी कायदा आला होता, ज्याने अशा तारणाच्या व्यवहारांना वेसण घातली.

मुक्ता_बर्मिंगहॅम

>> फसवणुकीचे प्रदर्शन

एल्सी बॉर्डर्स यांचा उल्लेख केल्याबद्दल रोखठोक यांचे आभार. मात्र फळीच्या बाबतीत ते एक गोष्ट विसरतात. नगरपालिकांची भाड्याची घरे तेव्हा साध्या सपाट दर्शनी भागाची, चौकोनी खिडक्यांची, अठराव्या शतकातल्या जॉर्जियन वळणाची असत. चव त्यांची अधिक चांगली होती, हे मीही मान्य करते. पण कर्ज काढून घर घेणाऱ्या कारकुनाला आपले घर नगरपालिकेचे नाही, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला न सांगता कळायला हवे होते. म्हणून बांधकामदाराने दोन्ही मजल्यांना गोलसर बाहेर आलेली बे खिडकी दिली, वर त्रिकोणी गेबल दिले, दारावर कमान दिली, खाली विटा आणि वर खडीचा गिलावा दिला. ती फळी म्हणजे घराच्या कपाळावरचे कुंकू होते. कुंकू भार पेलत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही.

येथे मला विटकर काकांशीही थोडा मतभेद नोंदवायचा आहे. लाउडनच्या घराला मधोमध घुमट होता, म्हणजे दोघांचे मिळून एक रूप होते. १९३० च्या घरात बे आणि गेबल प्रत्येकाला वेगळे आहेत आणि दारे बहुधा दोन टोकांना आहेत. सोंग तेव्हाच बदलले होते. दोन घरांना एकच दिसायचे नव्हते, तर प्रत्येकाला आपापले पूर्ण घर आहे असे दिसायचे होते.

विटकर

मुक्ताताई, मुद्दा बिनतोड आहे आणि मी माझे विधान मागे घेतो. मात्र अर्धेच मागे घेतो. गेबल दोन असले तरी छप्पर एकच राहिले, आणि धुराडेही मधल्या भिंतीवर एकच राहिले. खालचा मजला 'आम्ही दोन' म्हणतो आणि छप्पर 'आम्ही एक' म्हणते.

माजघर (श्टुटगार्ट)

जर्मनीतून एक भर घालतो, येथे याला 'डॉपेलहाउस' म्हणतात. १९२६ मध्ये डेसाऊ येथे बाउहाउस या कला व रचना शिकवणाऱ्या संस्थेच्या शिक्षकांसाठी वाल्टर ग्रोपियस यांनी संचालकासाठी एक स्वतंत्र घर आणि तीन जोडघरे बांधली. एका जोडीत कांडिन्स्की आणि पाउल क्ले हे चित्रकार शेजारी होते. ग्रोपियस यांनी इंग्रजांप्रमाणे आरशातले प्रतिबिंब बनवले नाही. त्यांनी एका अर्ध्याचा आराखडा उलटवून ९० अंशांत फिरवला, त्यामुळे दोन्ही अर्धी सारखी असूनही बाहेरून तशी दिसत नाहीत. पांढऱ्या ठोकळ्यांच्या त्या रचनेत भिंत नेमकी कोठे आहे हे शोधावे लागते.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात संचालकाचे घर आणि मोहोली-नागी यांचे अर्धे घर नष्ट झाले. त्याला जोडलेले फायनिंगर यांचे अर्धे मात्र वाचले. कित्येक वर्षे ते अर्धे एकटेच उभे होते. २०१४ मध्ये गेलेल्या अर्ध्याच्या जागी त्याच आकाराची, पण तपशील गाळलेली इमारत उभारण्यात आली. खिडक्यांच्या जागी केवळ धूसर चौकोन आहेत. कौलारू यांनी हे उदाहरण जरूर पाहावे. अर्धे बदलले म्हणजे उरलेल्याने काय करावे, याचे ते एक विचारपूर्वक दिलेले उत्तर आहे.

कुकरची शिट्टी (लेस्टर)

शैलीची चर्चा वाचते आहे, पण राहणाऱ्यांचा प्रश्न आवाजाचा आहे. त्या काळची मधली भिंत नऊ इंचांची विटांची असते आणि मजल्याच्या तुळया दोन्हीकडून तिच्यात घुसवलेल्या असतात. आमच्या शेजारच्या आजींना कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. एकदा मी तिसरी शिट्टी झाल्यावर गॅस बंद करायला विसरले, तेव्हा त्यांनी भिंतीवर टकटक केले. पुढच्या रविवारी त्यांनी वरण मागून नेले.

साताऱ्याचा कंदी

दोन घरांमधल्या सामाईक भिंतीला इंग्रजीत 'पार्टी वॉल' म्हणतात; कुकर यांच्या घरी जे चालते ती खरी 'पार्टी वॉल'. या शब्दातली 'पार्टी' म्हणजे पक्षकार, हे मला आताआतापर्यंत माहीत नव्हते. मी इतकी वर्षे भिंतीच्या पलीकडच्या आमंत्रणाची वाट पाहत होतो.

द्राक्षबाग (नाशिक)

आमच्याकडे उपनगरांत 'ट्विन बंगला' नावाने हेच विकले जाते. दोन्ही बाजूंचे मालक ताबा मिळाल्यापासून वर्षभरात आपापला रंग देतात, मग ग्रिल येते, मग वरचा मजला. जाहिरातीतल्या चित्राशी जुळणारी एकही जोडी आमच्या गल्लीत उरलेली नाही आणि त्याचे कोणाला काही वाटतही नाही. कौलारू यांची खंत मला समजते, पण ती इंग्लंडमध्ये राहून लागलेली सवय तर नव्हे, असा प्रश्न पडतो.

रोखठोक

द्राक्षबाग यांना इंग्लंडचे जास्त कौतुक करण्याचे कारण नाही. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकेच्या भाडेकरूंना आपले घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर नगरपालिकांच्या जोडघरांत एका अर्ध्याला नवे दार आणि कृत्रिम दगडाचा मुलामा, तर दुसरे अर्धे पूर्वीचेच, हे दृश्य सर्वत्र दिसू लागले. कोणी विकत घेतले आणि कोणी नाही हे रस्त्यावरूनच वाचता येत असे. मुक्ताताईंच्या कुंकवाचाच हा पुढचा अध्याय म्हणावा लागेल.

कौलारू

सर्वांचे मनापासून आभार. मला वाटले होते की दोन-चार उत्तरे येतील. द्राक्षबाग यांचा प्रश्न मी रात्री बराच वेळ मनात घोळवला. आमचे रत्नागिरीजवळचे घर चौपाखी आहे आणि त्याचे एक पाखे कोणी सरळ भिंत करून टाकले असते तर मला नक्कीच वाईट वाटले असते, म्हणून ही सवय इंग्लंडची नसावी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आम्ही तसेच बांधायचे ठरवले तर नियमांच्या दृष्टीने काय पाहावे लागेल?

विटकर

इंग्लंडमध्ये जोडघराच्या छपरात ५० घनमीटरपर्यंतची वाढ अन्य अटी पाळल्यास नियोजन परवान्याविना करता येते. रांगेतल्या घराला ही मर्यादा ४० घनमीटर आहे. संरक्षित क्षेत्रात हा नियम लागू नाही, म्हणून आधी तुमचा रस्ता तशा क्षेत्रात येतो का हे नगरपालिकेकडे पाहावे. बांधकाम नियमांची मंजुरी मात्र लागतेच. मधल्या भिंतीत पोलादी तुळई बसवायची असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार शेजाऱ्यांना दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यांनी चौदा दिवसांत लेखी संमती दिली नाही तर वाद उपस्थित झाला असे मानून तपासनीस नेमावे लागतात. तुमच्या शेजाऱ्यांची तुळई आधीच त्या भिंतीत आहे, तेव्हा तिचे रेखाचित्र मागून घ्या.

माझे मत विचाराल तर खोलीची गरज असेल तरच बांधा. केवळ तोल साधण्यासाठी पाखे काढणे म्हणजे शेजाऱ्याने एक मिशी कापली म्हणून आपण दुसरी कापण्यासारखे आहे.

मुक्ता_बर्मिंगहॅम

मी याच्या उलट म्हणेन. जोडघराची शैली जोडीत असते, एका अर्ध्यात नसते. दोन्ही बाजूंना त्रिकोणी भिंती आल्या तर निदान ती पुन्हा एक आकृती होईल. तुमची बे, गेबल, रंगीत काच आणि दारावरची कमान मात्र हलवू नका. खालचे जपा आणि वरचे जुळवा.

पाटीवरची पेन्सिल

रुमाल उचलते. आमच्या रस्त्यावर एका जोडीने दोन्ही माळे एकाच वेळी बांधले, परांची एकच लावली आणि तिचे भाडे निम्मे निम्मे वाटून घेतले. कौलारू यांच्या शेजाऱ्यांनी थोडे थांबायला हवे होते.

कौलारू

काल शेजाऱ्यांकडे रेखाचित्र मागायला गेलो होतो. त्यांनी ते दिलेच, शिवाय त्यांच्या पाख्यावरून उतरवलेली सुमारे तीनशे जुनी मातीची कौले परसात रचून ठेवली आहेत, तीही हवी असल्यास न्या म्हणाले. खोलीची आम्हाला निदान पाच वर्षे गरज नाही. आमच्या बाजूची बरीच कौले फुटली आहेत आणि मापाने ही तंतोतंत जुळतात, म्हणून या वसंतात छप्पर आहे तसेच दुरुस्त करून घेणार आहे. विटकर काका, नव्वद वर्षांच्या कौलांना पुन्हा वापरण्याआधी काय तपासावे?

विटकर

प्रत्येक कौल हातात उलटे धरून बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत वाजले तर घ्या, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. मागच्या बाजूचे टेकू, ज्यांवर कौल पट्टीला अडकते, ते झिजले असतील तर ते बाजूला काढा. तीनशेतून दोनशे निघाली तरी पुष्कळ झाली.